पाकीट मशीनचं, सील मशीनचं, तरी भडंग सादळतंय! (मदत हवी)

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझी मोठी जाऊ सांगलीत भडंग करतो. आधी घरच्यापुरतं, मग नातेवाइकांना, मग दोन-चार दुकानांना. तीन वर्षं हाताने तयार पिशव्या भरल्या आणि पायाने दाबायच्या सीलरवर बंद केल्या. मागच्या गणपतीनंतर कर्ज काढून सेकंडहँड पॅकिंग मशीन घेतलं. वर फिल्मचा रोल लावायचा, खाली भरलेली पाकिटं पडतात, ते. मिनिटाला तीसेक. पहिल्या दिवशी जाऊबाई स्टूल घेऊन समोर बसल्या होत्या, मालिका बघावी तशा.

आता रडगाणं. रत्नागिरीच्या दुकानदाराने दुसऱ्यांदा माल परत पाठवला. २०० ग्रॅमची पाकिटं पंधरा दिवसांत मऊ. गंमत म्हणजे सगळी नाहीत. चाळीसच्या खोक्यात पाच-सहा सादळलेली, बाकीची कुरकुरीत. सांगली-मिरजेतून एक तक्रार नाही. हाताने सील करायचो तेव्हा ही भानगड नव्हती. मशीनवाला म्हणतो फिल्म खराब, फिल्मवाला म्हणतो मशीन खराब, आणि सासूबाई म्हणतात चुरमुरे नीट भाजले नाहीत. (या शेवटच्यावर घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे.)

फिल्म तीन थरांची आहे, आतून चंदेरी. नक्की कुठे बघू?

शंकासुर | सोमवार, १०.४१

पाच-सहा सादळलेली मला पाठवा. चिंचेचं पाणी, कांदा, कोथिंबीर. प्रश्न मिटला.

जास्वंदी | सोमवार, १०.५५

भडंग गरम असतानाच भरत नाही ना? आमच्याकडे चिवड्याचं असंच झालं होतं. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि बंद पाकिटात ते जाणार कुठे? पूर्ण गार होईपर्यंत थांबा.

कृष्णाकाठची | सोमवार, ११.१०

नाही हो जास्वंदी, रात्री करतो, सकाळी भरतो. आणि गरम भरलं असतं तर खोकंच्या खोकं गेलं असतं ना, पाच-सहाच कशी?

पॉलिथीनप्रेमी | सोमवार, ११.३२

फिल्मची एक सोपी परीक्षा आहे. पाकिटं कपाटात ठेवा आणि दोन दिवसांनी कपाट उघडा. लसणाचा वास आला तर फिल्म नाहीतर सील, काहीतरी पाझरतंय. साधी पॉलिथीनची पिशवी पाणी बरंच अडवते, पण वास आणि ऑक्सिजन तिच्यातून आरामात जातात. म्हणून साध्या पिशवीतला तळलेला माल सादळण्याआधी खवट होतो. तुमचा माल सादळलाय, खवट झालेला नाही. चंदेरी फिल्म असेल तर मला फिल्मवर संशय नाही.

थोडं खोलात सांगतो. बाहेरचा थर पॉलिएस्टर, त्यावर छपाई. मधला चंदेरी. आतला पॉलिथीनचा, तो डिंकाचं काम करतो. पॉलिथीन ११० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या पुढे. त्यामुळे दीडशे अंशांच्या जबड्यात पाकीट दाबलं की आतले थर एकमेकांत विरघळून एक होतात आणि बाहेरचा थर जबड्याला न चिकटता सुटून येतो. सगळी मशीनं या एका फरकावर चालतात.

आजोळ | सोमवार, ११.५०

आमच्या लहानपणी फुटाणेवाला वर्तमानपत्राची पुडी बांधायचा, सुतळीच्या तीन वेढ्यांत. फुटाणे सादळायच्या आत संपायचे. पुडी उलगडून आम्ही अर्धी बातमी वाचायचो आणि पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही.

शंकासुर | सोमवार, ११.५८

+१. माझं सामान्यज्ञान अजून तेवढंच आहे.

घाटमाथा | सोमवार, दुपारी १.१५

हा घाटाचा प्रताप आहे. महाबळेश्वरला वेफर्सचं पाकीट फुगून उशीसारखं होतं, बघितलंय ना सगळ्यांनी? लेहला तर विचारू नका, ३५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी. टेम्पो आंबा घाटातून जाताना पाकिटं फुगत असणार आणि कच्ची सील सुटत असणार.

पॉलिथीनप्रेमी | सोमवार, १.४०

घाटमाथा, लेहसाठी मान्य. पण सांगलीच मुळात साडेपाचशे मीटरवर आहे. आंबा घाटात त्याहून फार चढायचं नाही, आणि पुढे रत्नागिरी समुद्राकाठी, म्हणजे पाकीट फुगायच्या ऐवजी थोडं चेपणार. फुटणार नाही. रत्नागिरीची खरी भानगड दमट हवेची आहे. भोक असलेलं पाकीट सांगलीतही भोक असलेलंच असतं, फक्त सांगलीची कोरडी हवा महिनाभर चहाडी करत नाही.

कोकण्या | सोमवार, २.०५

आमच्या हवेला नावं ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा वाटीतून चालत बाहेर येतं, त्यापुढे भडंगाचं काय घेऊन बसलात.

निवृत्त फिटर | सोमवार, रात्री ९.१०

ताई, उशिरा लिहितोय, नातवाला झोपवत होतो. भोसरीत पॅकिंग मशीन जोडायच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये रिपेरी करण्यात गेली. तुमचं मशीन कॉलर टाइप असणार. आधी ते करतं काय ते सांगतो, मग चोर सापडेल.

फिल्म सपाट येते. ती शर्टाच्या कॉलरसारख्या वळवलेल्या पत्र्यावरून उतरते आणि खालच्या पाइपाभोवती गुंडाळली जाते. दोन्ही कडा मागे एकत्र येतात, उभा सीलर त्यांना चिकटवतो. ही पाठीची शिवण. आता फिल्मची नळी झाली, पण तळ नाही. दोन आडवे जबडे येऊन नळी दाबतात. त्या एकाच दाबात खालच्या पाकिटाचं तोंड आणि वरच्या पाकिटाचा तळ, दोन्ही शिवले जातात, आणि मधली सुरी दोघांना वेगळं करते. वरून माप भरून माल पडतो, नळी एक पाकीटभर खाली ओढली जाते, पुन्हा जबडा.

कुठलंही वेफर्सचं पाकीट पालथं करून बघा. मधे उभी शिवण, वरखाली रेघारेघांच्या पट्ट्या, आणि एका कडेला छोटासा काळा चौकोन. तो आय मार्क. फोटोसेल तो बघतो आणि सुरीला सांगतो, इथे काप. तो दिसला नाही तर अर्धं नाव या पाकिटावर आणि अर्धं पुढच्यावर.

आता रोग. 'काही पाकिटं जातात, सगळी नाही' म्हणजे नव्वद टक्के तिघांतला एक: सीलमध्ये मालाचा कण अडकतो, जबडा सगळीकडे सारखा दाबत नाही, किंवा जबड्याचा एखादा भाग गारठलेला आहे. डिस्प्लेवर १५० दिसतंय म्हणून गाफील राहू नका. सेन्सर बसलाय तिथलं ते तापमान. टोकाकडचं त्याला काय माहीत?

उद्या तीन कामं करा.
एक, बादलीभर पाण्यात पाकीट बुडवून हलक्या हाताने दाबा. बुडबुडे कुठून येतात ते मार्करने पाकिटावरच खुणवा. पन्नास तरी करा.
दोन, मशीन बंद ठेवून, जबडे गार असताना, कोरा कागद आणि कार्बन पेपर मधे धरून जबडा एकदा मिटवा. उमटलेला ठसा बघा. जिथे फिका, तिथे दाब नाही. बोटं सांभाळा. हवेचा दाब चालू असतो, आणि जबड्याला तुमचं बोट आणि फिल्म सारखीच.
तीन, कुठल्या वेळची पाकिटं जातात ते लिहून ठेवा.

जास्वंदी | सोमवार, ९.३०

काका, _/\_ . वाचनखूण साठवली. इतकी वर्षं तो काळा चौकोन म्हणजे छपाईची चूक समजत होते.

गोळ्यामाझ्या | सोमवार, १०.०२

मी औषध कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही सीलला रंग लावून बघतो, ते घरीही जमेल. संशयित पाकीट मधोमध कापा, रिकामं करा, आतून तेल पुसून घ्या. स्पिरिटमध्ये लाल शाईचे थेंब मिसळून आतल्या बाजूने सीलच्या रेषेवर सोडा आणि पाच मिनिटं थांबा. बोगदा असेल तर रंग केसाएवढ्या रेषेने बाहेरच्या कडेला येतो. बुडबुडा जागा सांगतो, रंग वाटच काढून दाखवतो.

सूतकताई | मंगळवार, सकाळी ८.१५

सगळे मशीन-मशीन खेळताय, पण या चंदेरी पाकिटांचं पुढे काय होतं त्यावर कोणी बोलेल का? तीन थर एकमेकांना असे चिकटवलेले की वेगळे करता येत नाहीत. आमच्या गल्लीत कचरा वेचायला येणाऱ्या मावशी दुधाची पिशवी उचलतात आणि वेफर्सचं पाकीट तिथेच टाकतात. विचारलं तर म्हणाल्या, "त्याला भाव नाय." २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत द्यायचं तरी ठरलं होतं. चंदेरी पाकिटाला तेवढंही नाही.

पॉलिथीनप्रेमी | मंगळवार, ८.४०

मुद्दा रास्त. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणून वितळवून पुन्हा वापरता येते. आता काही जण सगळे थर एकाच कुळातले ठेवून फिल्म करतायत. पण मग वर सांगितलेला वितळण्यातला फरक कमी होतो आणि सीलची गंमत अवघड होते. मशीनवाले कुरकुरतात.

कृष्णाकाठची | मंगळवार, ९.०५

सूतकताई, तुमचं पटतं. पण मालाची तीन खोकी परत आली की तेही उकिरड्यावरच जातं, पाकिटासकट. आधी गळती थांबवते, मग तुमच्याकडे येते. नक्की.

शंकासुर | मंगळवार, ९.२०

मला एकाने आधी सांगा, वेफर्सच्या पाकिटात अर्धी हवा का विकतात?

पॉलिथीनप्रेमी | मंगळवार, ९.३१

हवा नाही, बहुतेक नायट्रोजन. ऑक्सिजन असेल तर तेल खवट होतं म्हणून तो हाकलून नायट्रोजन भरतात. शिवाय गादीचं काम होतं, नाहीतर घरी भुगा पोचेल. वजन पाकिटावर छापलेलं असतं, तेवढं भरावंच लागतं.

शंकासुर | मंगळवार, ९.३३

म्हणजे साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असताना हे उरलेल्या २२ टक्क्यांचे पैसे घेतात. कळलं.

जुनापाना | मंगळवार, ११.००

थोडं अवांतर, पण सादळण्याशी संबंध आहे. आपण ज्याला जिलेटीन कागद म्हणतो तो सेलोफेन १९०८ मध्ये झाक ब्रांडेनबर्गर या स्विस माणसाने शोधला. त्याला डाग न पडणारं टेबलक्लॉथ करायचं होतं. कापड राहिलं बाजूला, पारदर्शक पापुद्रा निघाला. दिसायला झकास, पण एक खोड होती. पाणी अडायचं, वाफ मात्र आरपार जायची, आणि आत ठेवलेल्या मालाचा व्हायचा तोच कार्यक्रम. १९२७ मध्ये ड्यूपाँटने त्यावर ओल अडवणारा लेप दिला आणि मग कुठे खाऊच्या पुड्यांना तो खरा उपयोगी पडला. म्हणजे कृष्णाकाठच्या वहिनींचं दुखणं शंभर वर्षं जुनं आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर पार्ले-जीचा मेणकागदाचा पुडा कोणाकोणाला आठवतो?

आजोळ | मंगळवार, ११.२५

मला! त्याच्या दोन्ही टोकांना घड्या असायच्या, पत्राच्या पाकिटासारख्या दुमडलेल्या. आई पुडा जपून उघडायची आणि कागद डब्याच्या तळाशी घालायची. आताचा पुडा उघडताना एकतर उघडत नाही, नाहीतर उभा फाटतो आणि चार बिस्किटं जमिनीवर.

बिस्किटवाला | मंगळवार, दुपारी १२.१०

उभा फाटतो कारण फिल्म ताणून बनवलेली असते, एका दिशेने सुरू झालं की तशीच धावते. (बिस्किटांच्या कारखान्यात शिफ्टला आहे, नाव विचारू नका.) आमचं मशीन वहिनींच्या मशीनचं आडवं भावंड. बिस्किटांची रांग पट्ट्यावरून येते, फिल्म तिच्याभोवती पाळण्यासारखी वळते, खाली फिरती चाकं दोन्ही कडा चिमटीत धरून शिवत जातात आणि पुढे फिरते जबडे टोकं बंद करून कापतात. टोकाची कड करवतीसारखी असते ती शोभेला नाही. प्रत्येक दात म्हणजे फाडायला सुरुवात करायची जागा.

तरी आमचे शिफ्ट इनचार्ज स्वतः पुडा दाताने उघडतात.

बकुळ_बाल्टिमोर | मंगळवार, रात्री ८.४५

इथे बसून हा धागा वाचणं म्हणजे छळ आहे. आई दरवर्षी चकल्या डब्यात पाठवते, डब्याभोवती प्लास्टिकचे सात वेढे आणि वर सेलोटेप. मशीन झक मारेल. उघडायला नवरा सुरी घेतो. आजवर एक चकली सादळलेली नाही, अख्खीही आलेली नाही.

घाटमाथा | मंगळवार, ९.१०

कृष्णाकाठची, तोवर खोक्यालाच बाहेरून प्लास्टिक गुंडाळून श्रिंक करून द्या, मिठाईच्या बॉक्सला असायचं तसं. गरम हवा मारली की घट्ट बसतं.

गोळ्यामाझ्या | मंगळवार, ९.२२

'असायचं' बरोबर लिहिलंत. मिठाईचे बॉक्स, लग्नपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्याभोवतीच्या फिल्मवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. भडंगाचं खोकं त्या यादीत नाही, पण आतलं पाकीट गळत असताना बाहेरून गुंडाळणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून अंगणात मांडव घालणं.

कृष्णाकाठची | गुरुवार, दुपारी ३.३०

मंडळी, सगळं केलं. जरा मोठं लिहिते.

बादली घेतली. जाऊबाईंनी पाकीट बुडवायचं, मी खूण करायची, पुतण्याने वहीत लिहायचं. पन्नास पाकिटं. सात फुटकी. त्यातल्या दोघांत आडव्या सीलमध्ये चक्क वस्तू दिसली: एकात लसणाची तळलेली कापटी, एकात शेंगदाण्याचं साल. पण उरलेल्या पाचांत काही नव्हतं, आणि पाचही बुडबुडे एकाच जागेवरून. तळाच्या पट्टीच्या मधोमध, जिथे पाठीची शिवण आडव्या सीलला मिळते, त्याच्या डाव्या अंगाला. एकामागून एक असे मोहरीएवढे बुडबुडे. जाऊबाई म्हणाल्या, हे तर पाकिटाचं नाक आहे, श्वास घेतंय.

लाल शाईही केली. रंग बरोबर शिवणीच्या कडेने, रेघ ओढावी तसा बाहेर आला.

मग कार्बन पेपर. बाकी ठसा गडद, छान रेघा. मधे डावीकडे अर्ध्या इंचात नुसती सावली. बॅटरी लावून जबड्यात बघितलं तर त्या खाचांत काळं काहीतरी भरलेलं. टाचणीने काढलं. मसाल्याचं तेल जळून डांबर झालं होतं आणि त्यात फिल्मचे तुकडे.

काका, तिथेच का? आणि हाताने सील करायचो तेव्हा का नाही?

निवृत्त फिटर | गुरुवार, ६.४५

शाब्बास. कंपनीत इंजिनिअर पाठवला असता तर त्याने आधी चहा मागितला असता.

तिथेच, कारण बाकी सगळीकडे जबड्यात फिल्मचे दोन पदर असतात, पुढचा आणि मागचा. पाठीची शिवण येते तिथे चार. दोनावरून चारावर जाताना पायरी पडते. त्या पायरीच्या कोपऱ्यात वितळलेल्या पॉलिथीनने भरून यायला हवं. जबड्याच्या खाचा साफ असतील आणि दाब पुरा असेल तर भरतं. खाचेत डांबर बसलं की कोपऱ्यात बारीक बोगदा राहतो. डोळ्याला सील ठणठणीत. तुमच्या जुन्या तयार पिशवीचं तोंड सपाट, दोनच पदर, पायरीच नाही, म्हणून पायाच्या सीलरने तुम्हाला कधी दगा दिला नाही.

पितळी ब्रशने घासा. लोखंडी नको, खाचा खरवडल्या जातील. रोज संध्याकाळी, जबडे कोमट असताना. तापमान पाच-सात अंश वाढवून बघा. त्यानेही भागलं नाही तर मिनिटाला तीसऐवजी पंचवीस करा, जबड्याला क्षणभर जास्त बसू द्या.

लसणाचं वेगळं. माप सुटतं आणि जबडा मिटतो यात वेळ कमी पडतोय. चुरमुरा हलका, रेंगाळत उतरतो. जबडा किंचित उशिरा मिटेल असं टायमिंग करा. आणि भडंग भरायच्या आधी चाळा, सालं आणि चुरा खाली जाऊ दे.

पॉलिथीनप्रेमी | गुरुवार, ७.१०

म्हणजे फिल्म निर्दोष! मी सोमवारीच म्हणालो होतो.

शंकासुर | गुरुवार, ७.१२

आणि चुरमुरेही निर्दोष. सासूबाईंना कोण सांगणार?

कृष्णाकाठची | गुरुवार, ७.३०

धाग्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावते आहे. बघू.

कोकण्या | रविवार, सकाळी १०.००

रत्नागिरीत कुठल्या दुकानात ठेवता? मी स्वतः जाऊन दाबून बघतो. विकत घेऊनच, काळजी नसावी.

कृष्णाकाठची | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १२.४०

कळवायचं राहून गेलं. ब्रश रोज मारतो, तापमान सात अंशांनी वाढवलं, मशीन पंचविसावर आणलं, चाळण लावली. गेल्या मंगळवारी पुन्हा पन्नासाची बादली केली, एक फुटकं निघालं. त्यातही साल होतं.

रत्नागिरीला सहा खोकी गेली आहेत. सतरा दिवस झाले, परत काही नाही. सकाळी त्या दुकानदाराचा फोन आला. घाबरतच उचलला. म्हणाले, "वहिनी, माल कुरकुरीत आहे, तक्रार नाही. पण पाकीट उघडत नाही हो. काल एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दाताने ओढलं आणि कवळी हातात आली."

निवृत्त फिटर | शनिवार, १.०५

तीन अंश कमी करा.

शंकासुर | शनिवार, १.०७

आणि कवळी कोरडी ठेवायला सांगा. दमट हवा आहे.